महालक्ष्म्यांचा सोळा भाज्यांचा स्वयंपाक, सगळा नागपूरच्या बाजारातून: यादीपासून पंगतीपर्यंत

महालक्ष्म्या (ज्येष्ठा गौरी) जवळ आल्या की घरोघरी तेच टेन्शन सुरू होतं, सोळा भाज्या कुठून जमवायच्या आणि पंचवीस-तीस माणसांचा स्वयंपाक वेळेत कसा उरकायचा. मग आदल्या दिवशी घाईघाईत जवळच्या दुकानातून फुलकोबी, मटार, शिमला मिरची असं जे दिसेल ते उचलून कसातरी सोळाचा आकडा पुरा करायचा. मला हे मनापासून पटत नाही. एक आलू (बटाटा) सोडला तर भाद्रपदात आपल्या आजूबाजूच्या गावांमधून जेवढ्या भाज्या नागपुरात येतात तेवढ्यातच सोळा आरामात होतात, उलट एकदोन जास्तच होतात. वेलावरच्या भाज्या, शेंगा, पालेभाज्या सगळं याच दिवसांत भरात असतं आणि हा स्वयंपाक मुळात याच दिवसांसाठी बसवलेला आहे. मटार आत्ता आपल्याकडचा नसतोच, आपला मटार थंडीत येतो, आत्ताचा लांबून येतो आणि भाव विचारायची सोय नसते. तर खाली सगळं ओळीने लिहिते, साधारण २५ माणसांचा हिशोब धरून. तुमच्याकडे पन्नास असतील तर दुप्पट करा, फक्त तेल आणि मीठ एकदम दुप्पट करू नका, बेताबेताने वाढवा.

आधी दिवस नीट बघून घ्या. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन आणि महानैवेद्य, मूळ नक्षत्रावर विसर्जन. म्हणजे खरा स्वयंपाक दुसऱ्या दिवशी, पण बाजार त्याच्या पंधरा दिवस आधीच सुरू होतो.

पंधरा दिवस आधी: कोरडं सामान

किराणा इतवारीतूनच घ्या, किराणा ओळ आणि मस्कासाथ या भागात डाळी, गूळ, मसाले हाताळून बघून घेता येतात आणि पॅकबंद मालापेक्षा ताजं मिळतं. चणाडाळ घेताना दोनचार दाणे दाताखाली धरून फोडा, कटकन फुटली आणि आतून पिवळीधम्मक असली तर चांगली. फार जुनी डाळ शिजत नाही आणि पुरण रवाळ राहतं, मग कितीही वाटा. पुरणासाठी दीड किलो चणाडाळ लागेल. गोडाचं म्हणाल तर आपल्याकडे बऱ्याच घरी साखरेचंच पुरण असतं, काही ठिकाणी गुळाचं, आम्ही निम्मं निम्मं घालतो, म्हणजे गुळाची चव येते आणि पोळी फार मऊ पडून फाटत नाही. दीड किलो डाळीला गोड सगळं मिळून दीड किलोच्या आतबाहेर.

वड्यांसाठी अर्धा किलो चणाडाळ, पाव किलो मूगडाळ, पाव किलो उडीद डाळ. आंबिलीला अर्धा किलो ज्वारीचं पीठ, पण हे पीठ विकत आणू नका, ज्वारी आणून चक्कीवरून थोडं जाडसर दळून आणा. पोळीची कणीक सव्वा ते दीड किलो. ती मात्र बारीक दळलेली आणि मैद्याच्या चाळणीने चाळलेली हवी.

तांदळाचं जरा सविस्तर सांगते कारण यात आपण विदर्भातले लोक फार नशीबवान आहोत. नैवेद्याच्या भाताला भंडाऱ्याचा चिन्नोर घ्या, जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेला तांदूळ आहे, दाणा लहान आणि शिजताना वास घरभर जातो. महाग वाटला तर नैवेद्यापुरता अर्धा किलो चिन्नोर आणि पंगतीला दीड किलो एचएमटी. हा एचएमटी चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या शेतकऱ्याने स्वतःच्या धानाच्या शेतातून लोंब्या निवडून निवडून तयार केलेलं वाण आहे. तेव्हा एचएमटीची घड्याळं सगळ्यांच्या मनगटावर होती म्हणून हे नाव पडलं. २०१८ मध्ये ते गेले, पण आपल्या पानात रोज आहेत. पंगतीला बसलेल्या मुलांना हे जरूर सांगा. भाद्रपदात मिळणारा तांदूळ जुनाच असतो, नवीन धान दिवाळीनंतर येतं, आणि जुना भात मोकळा होतो त्यामुळे पंगतीला बरंच.

हळद वायगावची मिळाली तर घ्या, वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातली, रंग गडद असतो, नेहमीपेक्षा कमी लागते. तिखट भिवापुरी मिरचीचं. दोन्हीला जीआय आहे, पण त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे लाल मिरच्या अख्ख्या आणून घरी ऊन दाखवून कुटून आणल्या तर कोहळ्याच्या (लाल भोपळ्याच्या) भाजीला जो रंग येतो तो पाकिटातल्या तिखटाला येत नाही. ऊन नसेल तर, आणि पावसात नसतंच बहुतेक, कढईत मंद आचेवर नुसत्या गरम करून घ्या. जवस पाव किलो आणा, भाजून लाल मिरची, जिरं, मीठ घालून चटणी आधीच करून ठेवली की एक काम कमी झालं. लसूण नाही, नैवेद्याचं आहे.

तूप एक किलो तरी लागतं. पोळीवर ओघळ आला पाहिजे, चमच्याने शिंपडलेलं तूप चालत नाही आपल्याकडे. ओळखीच्या गवळ्याकडून लोणी आणून घरी कढवणं सगळ्यात चांगलं, आठवडाभर आधी करून ठेवा.

शेजारपाजार गोळा करा

महालक्ष्म्यांच्या आठवड्यात भाज्यांचे भाव चढतातच कारण सगळ्या गावाला एकाच दिवशी त्याच सोळा भाज्या पाहिजे असतात. आणि प्रत्येक भाजी अर्धा किलो घ्यायची म्हटलं की किरकोळीचाच भाव द्यावा लागतो. यावर उपाय म्हणजे चारपाच घरं मिळून बाजार करणं. कळमना मार्केटला ठोक माल असतो, तिथे अर्धा किलो दोडके कोणी देणार नाही, पण पाच घरांचे मिळून कोहळं, आलू, लवकी (दुधी), बरबटी (चवळीच्या शेंगा) एकदम घेतली तर परवडतं आणि मग गेटमध्ये बसून वाटून घ्यायचं. पहाटे जायची तयारी ठेवा, उजाडून वर आलं की चांगला माल गेलेला असतो.

कॉटन मार्केट, म्हणजे महात्मा फुले बाजार, मला जास्त सोयीचा वाटतो कारण सकाळी लवकर गेलं तर आजूबाजूच्या गावचे शेतकरी स्वतःचा माल घेऊन आलेले असतात. बुधवार बाजार, मंगळवारी, गोकुळपेठ हे शेवटच्या दिवसाच्या खरेदीला ठीक, काय राहिलं ते तिथे मिळून जातं. २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला तेव्हापासून शेतकऱ्यांना शहरात येऊन थेट विकता येतं, तुमच्या भागात असा शेतकरी बाजार भरत असेल तर पहिला चक्कर तिथेच मारा. विचारा, कोणतं गाव, कधी तोडलं. ज्याने स्वतः तोडलं तो लगेच सांगतो, काल सांजच्याला तोडलं, आज सकाळी तोडलं, आणि त्याच्याकडूनच पुढच्या दोन दिवसांची पालेभाजी सांगून ठेवता येते. हे सांगून ठेवणं फार कामाचं आहे. धोप्याची (अळूची) पानं आणि अंबाडी त्या दिवशी मिळेलच याचा भरोसा नसतो, पण आधी सांगितलं तर ती बाई जुडी बाजूला काढून ठेवते. आणि कृपा करून तिच्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करू नका. लक्ष्मीच्या नैवेद्याची भाजी आहे, पिकवणाऱ्याच्या हातात पूर्ण दाम पडू द्या.

सोळा कोणत्या, आणि किती

आमची यादी अशी असते: लाल कोहळं दोन किलो, धोप्याची पानं सहासात जुड्या, मुळा दोन, अंबाडी चार जुड्या, चवळीचा पाला तीन जुड्या, बरबटी अर्धा किलो, गवार अर्धा किलो, दोडकी, लवकी, पडवळ, ढेमसं (टिंडा), गिलकी (घोसाळी) प्रत्येकी अर्धा किलो, भेंडी एक किलो, कारली अर्धा किलो, आलू दीड किलो, काकडी दीड किलो. झाल्या सोळा. काटवल (करटोली) दिसली तर सोडू नका, पाव किलो का होईना घ्या, जंगलातली भाजी आहे आणि वर्षातून थोडेच दिवस येते. वांगं मी घेत नाही कारण चातुर्मासात आमच्याकडे वांगं, कांदा, लसूण बंद, तुमच्याकडे चालत असेल तर पावसाळी काटेरी वांगी मस्त असतात.

निवडताना काय बघायचं? कोहळं अख्खं घ्यायचं असेल तर जड बघा आणि देठ वाळलेला बघा, कापलेली फोड घेणार असाल तर आतून गडद केशरी आणि बिया भरलेल्या हव्या. फिकट पिवळं कोहळं पाणचट लागतं, त्यात कितीही गूळ घाला. भेंडीचं टोक मोडून बघतात सगळेच, दोडक्याच्या शिरा मात्र फारसं कोणी बघत नाही. शिरा ताठ आणि टोकदार असल्या की दोडकं कोवळं, शिरा बसलेल्या म्हणजे आत जाळी. ढेमसं मुठीएवढं नको, लिंबाहून थोडं मोठं, वर लव असलेलं. धोपा घेताना पान उलटं करून देठाजवळ बघा, आणि जून पानं परत द्या.

आता एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. लवकी, काकडी, दोडकं यांचा एक छोटा तुकडा चिरायच्या आधी जिभेवर ठेवून बघायचाच, प्रत्येक नगाचा. कडू लागला तर थुंकून टाका आणि तो नग सरळ फेकून द्या. काकडीचं टोक घासून कडूपणा काढतात तसं लवकीचं करत बसू नका. कडू लवकीत विषारी द्रव्य असतं, उलट्या-जुलाब होऊन माणूस दवाखान्यात जातो, आणि शिजवल्याने ते जात नाही. एक कडू लवकी पंचवीस माणसांच्या मिक्स भाजीत गेली तर काय होईल विचार करा.

कोहळं, आलू चार दिवस आधी आणले तरी चालतं. वेलभाज्या आणि शेंगा आवाहनाच्या दिवशी सकाळी. पालेभाज्याही त्याच दिवशी, पण पावसाच्या ओल्या जुड्या पिशवीत राहिल्या की रात्रीतून सडतात म्हणून घरी आल्याबरोबर सोडून सुती लुगड्यावर पंख्याखाली पसरवा, पाणी सुकलं की निवडून कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये. सांभार (कोथिंबीर) तसाच. पळसाच्या पत्रावळी-द्रोण आणि केळीची पानंही याच फेरीत घ्या.

आदल्या रात्री

दोनच कामं न चुकता करायची. आंबिलीचं पीठ दीड लिटर आंबट ताकात गुठळ्या न ठेवता कालवून झाकून ठेवा, आणि वड्याच्या डाळी धुऊन भिजत घाला, तिन्ही वेगळ्या. शेंगा मोडून, गवारीच्या शिरा काढून डब्यात ठेवता आल्या तर सकाळचा तास वाचतो. चिरून मात्र ठेवू नका, भेंडी आणि कारली सोडून बाकीच्या वेलभाज्यांना पाणी सुटतं. सोवळ्याचा फार आग्रह नसेल तर पुरण रात्रीच शिजवून ठेवा, सोवळं असेल तर पहाटे साडेचारला उठावं लागेल.

पूजनाच्या दिवशी, कोणत्या क्रमाने

पहिलं पुरण. डाळ दोन तास भिजलेली हवी, हळद आणि चमचाभर तेल घालून बोटाने सहज चिरडेल इतकी शिजवा, चाळणीत टाकून कट पूर्ण निथळू द्या. कट ठेवा, आमटीला लागतो. मग गूळ-साखर घालून जाड बुडाच्या पातेल्यात आटवायला घ्या. आधी एकदम पातळ होतं, घाबरायचं नाही, ढवळत राहायचं, बुडाला लागलं की पुरणाला करपट वास येतो आणि तो जात नाही. मध्ये उलथनं उभं करून सोडा, पडलं नाही की झालं. चिमूटभर मीठ, जायफळ, विलायची, आणि गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा, गार झालं की हात भरून येतात पण पुरण निघत नाही. कणीक याच वेळी सैल भिजवून तेल लावून झाकून ठेवायची, किमान दोन तास.

पुरण आटतंय तोवर दुसऱ्या शेगडीवर आंबील. तीन साडेतीन लिटर पाणी उकळायला ठेवा, त्यात आलं-हिरवी मिरची-जिऱ्याचं वाटण, मीठ, खोबऱ्याचे पातळ काप. उकळी आली की ताकातलं पीठ बारीक धारेने सोडत एका हाताने सतत ढवळा. पंधरा-वीस मिनिटं मंद आचेवर, कच्च्या पिठाचा वास गेला आणि वर चकाकी आली की उतरवा. गार होताना घट्ट होते म्हणून थोडी पातळच ठेवा. वरून सांभार. आंबील, कढी, चिंचेचं काहीही कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात करू नका, कळकतं, हौस म्हणून आजीची भांडी काढली असतील तर आधी कल्हई करून घ्या.

सोळा भाज्या म्हणजे सोळा कढया नाहीत. काही घरी सगळ्या मिळून एकच भाजी करतात आणि तेही शास्त्राला धरूनच आहे, पण वेगवेगळ्या चवी राहाव्या म्हणून मी सहा भांड्यांत बसवते.

कोहळं एकटं. तेलात मोहरी, मेथीदाणे लाल होऊ द्या, काळे नाही, फोडी सालासकट, हळद, तिखट, झाकण ठेवून वाफेवर, शिजत आलं की गूळ आणि भाजलेल्या खसखस-खोबऱ्याचा कूट. पाणी घालायचं नाही.

धोपा आणि मुळा एकत्र, पातळ भाजी. पानं आणि देठ बारीक चिरून, भिजवलेली मूठभर चणाडाळ आणि दाणे घालून शिजवा, घोटून घ्या, चिंचेचा कोळ घाला. चिंच कमी केली तर घशात खवखवतं, तेव्हा हात आखडू नका. गूळ, थोडं बेसन लावून चांगली उकळी.

अंबाडी आणि चवळीचा पाला. अंबाडी उकडून पाणी टाकून द्या, मग दोन्ही पाले मिळून तांदळाच्या कण्या किंवा तुरीच्या डाळीबरोबर शिजवून वरून हिंग-मोहरी-लाल मिरचीची फोडणी.

दोडकी, लवकी, पडवळ, ढेमसं, गिलकी एका कढईत मूगडाळ घालून. आधी ढेमसं आणि पडवळ टाका, गिलकी सगळ्यात शेवटी, नाहीतर विरघळून जाते. मीठ शेवटी घाला, या भाज्या शिजून निम्म्या होतात आणि आधी घातलेलं मीठ जास्त होतं.

बरबटी आणि गवार कोरडी, ओवा आणि दाण्याचा कूट घालून. आलू उकडून हिरव्या मिरचीची साधी पिवळी भाजी. भेंडी आणि कारली पातळ चकत्या करून तळायच्या, मीठ-तिखट भुरभुरवून, आणि हे वड्यांबरोबरच शेवटी करायचं कारण तीच कढई तेच तेल. काकडीची कोशिंबीर दही घालून अगदी वाढायच्या आधी. यात कढी आणि कटाची आमटी मिळवली की ओलं सगळं झालं. कढीला बेसन कमी लावा, दोन लिटर ताकाला चार मोठे चमचे पुरे, उकळी फुटू न देता ढवळत राहा म्हणजे फाटत नाही.

वड्यांच्या डाळी वेगवेगळ्या वाटा, चणाडाळ भरड, उडीद बारीक, मग एकत्र करून आलं, मिरची, जिरं, सांभार. पाणी जवळपास नाहीच. मीठ तळायच्या वेळी.

पोळ्या साडेदहाच्या सुमारास दोन तव्यांवर सुरू करा, एकजण भरणार-लाटणार, दुसरी भाजणार. कणकेच्या गोळ्याच्या दुप्पट पुरण, तांदळाच्या पिठीवर हलक्या हाताने, कडेपर्यंत पुरण गेलं पाहिजे. दीड किलो डाळीत पन्नास-पंचावन्न मध्यम पोळ्या होतात. भात पोळ्या निम्म्या झाल्या की लावा, आधी लावला तर गार होतो.

नैवेद्याची दोन पानं पहिली वाढा, चाखायचं काही नाही त्याआधी, म्हणून मीठ मोजून घालायची सवय ठेवा. किलोभर भाजीला साधारण दोन चमचे सपाट, पालेभाजीला त्याहून कमी. चिंच-गूळ-तीळ-दाण्याचं पंचामृत आणि जवसाची चटणी डाव्या बाजूला. पंगतीत आंबील द्रोणात वाढा आणि दुसऱ्यांदा विचारा, पहिल्यांदा लोक लाजतात.

पंगत उठली की उरलेल्या पातळ भाज्या, कढी, भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले पाहिजेत, भाद्रपदातल्या दमट हवेत संध्याकाळपर्यंत बाहेर ठेवलेलं अन्न खराब होतं. पुरण मात्र दोनचार वाट्या मुद्दाम बाजूला काढा. विसर्जनाच्या सकाळी दहीभाताबरोबर मुरड घातलेले कानवले लागतात, त्यात हेच पुरण भरायचं, थोडं घट्ट झालेलं असतं त्यामुळे तळताना फुटत नाहीत.